ओव्याच्या पुडीतला समुद्र

सेहेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले, आणि ही बातमी गावात सगळ्यात शेवटी मला कळली.

याला कारण माझं वाचन. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा लांब होती आणि शेळ्या जवळ होत्या. पण अक्षरांची लागलेली चटक काही सुटली नाही. समोर येईल ते मी वाचते. खताच्या गोणीवरचं, एसटीच्या पाठीवरचं, औषधाच्या खोक्यातल्या बारीक घडीच्या कागदावरचं. दशक्रियेचं पत्र असलं तर दोनदा. (ओळखीचं कुणी नसलं तरी!) पेंडीच्या पोत्यावर एक म्हैस छापलेली असते. ती कुठल्या गावची असेल, तिथं पाणी असेल का, या विचारात मी असताना आमची खरी म्हैस तासभर हंबरत राहिलेली आहे.

घरात हे कुणाला माहीत नव्हतं. मी चुलीपुढं बसून वाचायची आणि पाऊल वाजलं की कागद जाळात सारायची. किती माणसं मी अशी अर्ध्या गोष्टीत जाळली, देवाला माहीत.

आमचं गाव शेवगावपासून जवळ. गावात भामाकाकूंचं किराणा दुकान आहे. सुटा माल त्या रद्दीच्या पानात बांधून देतात. एकदा ओव्याच्या पुडीत एक गोष्ट निघाली. समुद्राकाठच्या इंदूची. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो महिना झाला परतलाच नव्हता. पानाच्या शेवटी लिहिलं होतं, "आणि इंदूनं दार उघडलं तर"

तर काय? पान संपलं!

मी समुद्र कधी पाहिलेला नाही. आमच्याकडं विहिरीचा तळ दिसतो तेवढाच. पण त्या दिवशी कपाशी वेचताना सगळं रान मला फेसाळलेलं दिसायला लागलं. वारा आला की लाट यायची. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून नवऱ्याची वाट बघत होते. (खरा नवरा बांधावर बसून पाणी मागत होता.)

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. मासिक तिथंच होतं, वजनाखाली दाबलेलं. काकू एका पुडीला वरचं एक पान फाडायच्या. सुटा माल घेणारं आता क्वचितच कुणी यायचं, पण भरवसा काय? म्हणजे इंदूचं पुढचं पान हवं तर दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या आधी काहीतरी घ्यायला हवं. सरळ मासिकच का मागितलं नाही? अहो, एवढं बोलता आलं असतं तर काय हवं होतं!

मालही बघून घ्यावा लागे. गुळानं अक्षरं चिकटतात, हळदीनं पिवळी होतात आणि तिखटाच्या पुडीतली साधी जाहिरातही रडवते. म्हणून मी कोरडा माल धरला. ओव्याशेजारच्या बरण्या ओळीनं घेत गेले. एक दिवस बाळंतशेपा, एक दिवस अळीव, एक दिवस डिंक.

"कुनासाठी गं यवढं?" काकूंनी विचारलं.

माझ्या डोक्यात इंदू. तिला लांब पाण्यावर शीड दिसलं होतं! मी खाली बघून हसले आणि म्हणाले, "घरातच लागतंय."

काकू बरणीचं झाकण धरून तशाच उभ्या राहिल्या.

त्यानंतर जग फार चांगलं झालं. बायका हापशावर मला पहिला नंबर द्यायला लागल्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या हातातून हंडा काढून घेत म्हणाल्या, "तू बस गं. म्या बघते." आयुष्यात पहिल्यांदा! केडगावहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, जपून ऱ्हा, काय खावंसं वाटतंय का?" मला वाटलं, माझ्या चांगुलपणाचं फळ उशिरा का होईना मिळालं. मी बाजेवर पडून समुद्र बघत राहिले.

मग एक दिवस आमचे हे दूध डेअरीवरून आले ते कान लाल करून. तिथं लोकांनी त्यांना पेढे मागितले होते. यांनी दार लोटलं.

"म्या ऐकलं ते खरं हाय का?"

वाचन उघडं पडलं!

"व्हय," मी म्हणाले. "चुकलं माजं. पर मला ऱ्हाववलं न्हाई."

"कवापासनं?"

"ल्हानपनापासनं."

यांनी दार नीट लागलंय का ते वळून बघितलं.

"आन... कुटं?"

"चुलीपुढं. तुमी रानात गेल्यावर."

यांनी घोटभर पाणी प्यायलं. मी रडत रडत पिठाच्या डब्यामागून इंदूची चार पानं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. ती त्यांनी उलटी केली, सुलटी केली, माझ्याकडं बघितलं, आणि मग असे हसले की आत्याबाई काठी न घेताच धावत आल्या.

डेअरीवर पेढे कशाचे मागितले ते यांनी सांगितलं, तेव्हा मला कळलं की मला दिवस गेलेत. सगळं ऐकून आत्याबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी झबल्यासाठी जुनं लुगडं फाडून ठेवलं होतं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याहून वाईट म्हणजे शेवटचं पान अजून दुकानातच होतं, आणि आता मला तिथं तोंड दाखवायची सोय नव्हती.

हे उठून बाहेर गेले. परतले ते खारकेची पुडी घेऊन. खारीक त्यांनी ताटात ओतली, पान मांडीवर घासून सरळ केलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच. मोट्यानं."

माझा आवाज शेळीसारखा थरथरत होता, पण वाचलं. शीड त्याचंच होतं. तो आला, दारात बसला आणि म्हणाला, भूक लागलीय. इंदूनं भात टाकला. संपलं.

क्षणभर आमच्या ओसरीला समुद्र लागला होता.

"आरं द्येवा," आत्याबाई म्हणाल्या, "इकडं गावभर पाळना हालला, आन त्यो बाबा नुस्ता भात खाऊन झोपला व्हय?"

दुसऱ्या दिवशी यांनी डेअरीवर खरं काय ते सांगून टाकलं. लोक म्हणाले, "लपवा, लपवा. पैले तीन म्हैने सांगतच न्हाईत."

या वयात मला दिवस गेले हे गावाला एका सकाळीत पटलं. मी वाचते, हे मात्र अजून एकालाही पटलेलं नाही!