लग्नपत्रिकेवर फुली मारायची नाही!

आमच्या सुनीच्या लग्नात नवऱ्या मुलाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. लग्न मोडायची वेळ आली ती कंप्युटरच्या खालच्या पट्टीमुळे.

(मुलगा सज्जन होता. अजूनही आहे. सुनीसमोर दुसरं काय होणार!)

तेव्हा विंडोज पंच्याण्णव निघून दोन-तीन वर्षं झाली होती, म्हणजे आमच्या पेणमध्ये ती नुकतीच आली होती. आमच्या घरी कंप्युटर बाहेरच्या खोलीत होता. त्याला आईने विणलेलं झाकण होतं आणि त्याच्यापुढे जाताना चपला काढाव्या लागत. मी रीतसर क्लास केला होता. क्लासमध्ये एका मशीनवर आम्ही चौघं बसायचो आणि माझ्या वाट्याला फक्त एंटर दाबायचं काम यायचं. ते मात्र मी आजही उत्तम करतो! एवढ्या भांडवलावर मी जाहीर केलं, "सुनीची पत्रिका मी घरीच तयार करणार. प्रेसवाल्याने फक्त छापायची."

खरी अडचण अक्षरांची नव्हती, 'आपले विनीत'खालच्या नावांची होती. आप्पांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, थोरले बंधू म्हणजे रोह्याचे भाऊकाका. लग्न रोह्यात, त्यांच्या ओळखीच्या हॉलमध्ये. त्यांनी निरोप धाडला, "माझं नाव पहिलं नसेल तर हॉलही नाय आणि मीही नाय." आईचे भाऊ म्हणजे गडबचे मामा. मुलीला मंडपात आणायचा मान मामाचा. त्यांचाही निरोप आला, "भाऊकाकाचं नाव माझ्या वर दिसलं, तर पोरीला आणा तुमची तुम्हीच." आप्पांनी दोघांनाही "बघतो" असं कळवलं आणि पेपर वाचायला घेतला. तो त्यांनी लग्न लागेपर्यंत खाली ठेवला नाही.

मग मीच तोडगा काढला. पत्रिका दोन करायच्या! रोह्याच्या गठ्ठ्यात काका वर, गडबच्या गठ्ठ्यात मामा वर. मध्ये अख्खं नागोठणं पडलंय. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून बघणार कोण?

"दादा, तू पकडला जाणार," सुनी म्हणाली.

"अगं, कंप्युटरमध्ये असतं सगळं. कळतंय कोणाला?"

(कळत मलाही नव्हतं, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही.)

एका रविवारी सकाळी भाऊकाका पत्रिका पाहायला रोह्याहून आले. त्यांनी चपला काढल्या, कंप्युटरला नमस्कार केला आणि खुर्चीत बसले. मी त्यांची पत्रिका उघडली. स्वतःचं नाव सगळ्यात वर पाहून काकांचा चेहरा उजळला.

"झकास! पण 'श्री.' नको, 'श्रीमान' कर."

केलं. वेगळ्या खिडकीत, नव्या नावाने साठवून ठेवलं. जुनी खिडकी बंद करावी म्हणून कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेला, तेवढ्यात काका ओरडले, "अरे ए! काय करतोस? लग्नपत्रिकेवर फुली मारतोस?"

आई स्वयंपाकघरातून पळत आली. "फुली? कोणी मारली फुली?"

"मारली नाही गं! काका, ती फक्त बंद करायची..."

"बंद?" काका उठूनच उभे राहिले. "शुभकार्यात बंद म्हणतात? वाढव म्हण, वाढव! तुझ्या क्लासात एवढंसुद्धा शिकवलं नाय?"

नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, बांगडीसुद्धा वाढते, हे मला ठाऊक होतं. पण खिडकी कशी वाढवायची? फुलीच्या शेजारी चौकोन होता, तो दाबला. पत्रिका खरोखरच वाढली! पडदाभर झाली. काका खूश. पण मिटायची कशी? चौकोनाच्या शेजारी एक बारीक आडवी रेघ होती.

"ही वजाबाकी का रे?" आईने संशयाने विचारलं.

"रेघ आहे गं, साधी रेघ."

"रेघ चालेल," काकांनी निर्णय दिला.

रेघ दाबली की पत्रिका मिटायची, पण बंद व्हायची नाही. खालच्या पट्टीत तिचा एक तुकडा जाऊन बसायचा. काका तर दर पाच मिनिटांनी दुरुस्ती सांगत होते. 'सहकुटुंब' नको, 'सहकुटुंब सहपरिवार' हवं. गणपतीची सोंड डावीकडे हवी. नको, उजवीकडे होती तीच बरी. दर दुरुस्तीला नवी पत्रिका, नवी खिडकी आणि खाली नवा तुकडा! गर्दी वाढली तसे तुकडे अरुंद होत गेले, आमच्याकडच्या पोह्याच्या पापडासारखे पातळ. आधी प्रत्येकावर पूर्ण नाव दिसत होतं. पण मी शहाण्याने प्रत्येक नावाची सुरुवात 'लग्नपत्रिका' अशीच केली होती, तीही इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे आता प्रत्येक तुकड्यावर एल-ए-जी आणि पुढे तीन टिंबं, एवढंच उरलं. कारखान्यात फळीवर न रंगवलेले गणपती मांडून ठेवावेत तसं झालं. सगळे सारखेच! यातला काकांचा कुठला, मामांचा कुठला, ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

आणि त्यात आणखी एक तुकडा होता. दोन्हीकडचे निरोप ऐकून वैतागल्यावर मी सुनीला हसवायला तिसरीच पत्रिका लिहिली होती. ती कोणी पाहायची नव्हती. तीही सकाळपासून उघडीच होती!

"खाली ही पिलावळ कसली रे?" काकांनी पट्टीकडे बोट दाखवलं.

"कंप्युटरचे अवयव आहेत ते," मी म्हणालो आणि सेटिंगमध्ये जाऊन पट्टी आपोआप लपेल अशी खूण केली. पट्टी गडप! स्वतःच्या हुशारीने मी इतका भारावलो की पाय हलवत बसलो.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाय गो, च्या टाक! शिफ्ट सुटली तशी थेट आलोय."

मामा! डोलवीच्या कंपनीतून घरी गडबला जायचं सोडून ते पेणला उतरले होते. काका आणि मामा एकमेकांकडे पाहून लग्नघराला शोभेल इतपत हसले.

"भाच्या, दाव की पत्रिका."

दोघांना एकाच वेळी दाखवता येईल अशी पत्रिका माझ्याकडे एकही नव्हती.

"मामा, मशीन तापलंय. शिवाय लाइट जायची वेळ झाली."

रोज दुपारी न चुकता जाणारी लाइट त्या दिवशी गेली नाही.

"तापलंय काय? सरक, मी दावतो," म्हणत काकांनी माऊस हातात घेतला. सकाळभर बघून ते तयार झाले होते. माऊस घसरत खाली गेला आणि पट्टी टुण्णकन वर आली, सगळ्या तुकड्यांसकट!

"हे काय वर आलं?" मामा दचकले.

"अवयव हायेत ते," काकांनी माहिती पुरवली आणि त्यातला एक दाबला.

मामांची पत्रिका उघडली. मामांचं नाव सगळ्यात वर.

"वा! असं पायजे," मामा म्हणाले. "भाऊकाका, मोठं मन हाय तुमचं."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी शेजारचा तुकडा दाबला. त्यात काका वर, मामा खाली. आता रंग मामांचा उतरला.

"दोन पत्रिका?" काका.

"दोन तोंडांचा भाचा!" मामा.

"मी हॉलवाल्याला सांगून टाकतो, आमचं कार्य नाय म्हणून."

"मी पण चाललो. पोरीला मंडपात कोण आणतो, बघतोच!"

दोघंही चपला शोधायला लागले. सुनी दारात येऊन उभी राहिली. एरवी माझी फजिती झाली की सगळ्यात आधी हसणारी सुनी, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. निदान दोन्ही पत्रिका नजरेआड कराव्यात म्हणून मी माऊस हिसकावला आणि घाईत भलताच तुकडा दाबला.

तिसरी पत्रिका. पडदाभर. (वाढवलेली!)

काकांना छापील अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायची सवय. एक चप्पल पायात, एक हातात, अशा अवस्थेत ते वाचू लागले, "आमचे येथे श्रीकृपेकरून मानपानाचे आयोजन केले असून, त्यानिमित्त एक लग्नही ठेवले आहे. आपले विनीत, श्री. भाऊकाका, रुसवे विभागप्रमुख, रोहा..."

मामा खो-खो हसले. "आक्षी बरोबर लिवलंय!"

"...आणि श्री. मामा, गडब. काका रुसल्यास हेही रुसतील. आहेर: तोंडी आशीर्वाद."

आता काका हसले. हातातली चप्पल गळून पडली. मग दोघांचंही हसू एकाच वेळी थांबलं. दोघांनीही आधी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकी वर्षं कशावरच न जमलेल्या त्या दोघांचं माझ्याबाबतीत क्षणात एकमत झालं!

"मामा, ह्याला कोण शिकवतो हे?"

"काका, तुमच्याच घराण्यातला हाय."

"वळण आजोळचं."

"बसा, बसा. आपण दोघं लिवू पत्रिका. ह्याला हात लावू देऊ नका."

"आधी ही घाण काढ," काका माझ्यावर गरजले. "मार फुली!"

"अहो, शुभकार्यात..." आई म्हणाली.

"ही पत्रिका नाय, ही निंदा हाय. मार रे!"

मी मारली.

मग दोघं शेजारी-शेजारी बसले आणि साध्या कागदावर, चहाच्या दोन फेऱ्यांत, पत्रिका झाली. दोघांची नावं एकाच ओळीत. आधी कोण, यावरून अर्धा तास "तुमचं" "नाय, तुमचं" असा आग्रह चालला होता. सुनी डोळे पुसून हसत होती. आप्पा पेपराआडून "बघितलं" म्हणाले.

लग्न रोह्याला थाटात झालं. हॉल मिळाला, मामांनी सुनीला हाताला धरून मंडपात आणलं, काकांनी अक्षता वाटल्या. पत्रिकेत लांबच्या मावसभावांपर्यंत सगळ्यांची नावं होती, फक्त माझं नव्हतं. मलाही मान आहे! मीही रुसलो आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने मंडपाच्या अगदी तोंडाशी तोंड फुगवून बसलो. कोणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी मुलाकडचे एक गृहस्थ मुद्दाम माझ्याकडे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला भरून आलं.

"हॉलचे का तुम्ही?" ते म्हणाले. "पलीकडच्या पंगतीत पाणी आलं नाही अजून."

मी उठलो आणि पाणी वाढायला गेलो.