रस्त्याचा पडदा

पडदेवाल्या भाऊंना हसताना पाहिलं असं कुणी म्हणालं, तर तो थापा मारतो असं खुशाल समजा.

नागभीडकडच्या आमच्या नाटक मंडळाचे पडदे तेच रंगवायचे. धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागायची आणि मी त्यांत बायकांची कामं करायचो. महाल आणि जंगल भाऊंच्या हातचा मळ. रस्त्याचा पडदा घेतला की मात्र माणूस दिवसदिवस बोलायचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते मुंबईला लष्करी गाड्या रंगवायला गेले होते. लढाई संपली, काम सुटलं, आणि रेशनच्या रांगेतच बायको भुकेने गेली. तान्ही पोर घेऊन परत आले.

"शहर म्हणजे काय गा," ते म्हणायचे, "माडीवर बाजा वाजून राह्यला अन् खाली उपाशी बाई. दोघाईले भिंत एकच."

तेच त्यांनी पडद्यावर काढलं. दिव्यांची माडी, मोटार, आणि चाकाला टेकून रिकामी पिशवी धरलेली बाई. ती त्यांचीच बायको. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. ही तुझी माय, मुंबईत आहे, असं त्यांनी लेकीला पडदा दाखवून सांगितलेलं. पोरगी दुपारी मांडवात यायची आणि पडद्याशी बोलत बसायची. आम्हाला तिकडे बघवत नसे.

मंडळाचे अध्यक्ष तापले. "लोक हसाले येतेत, अन् तुमी भुकेली बाई कायले दाखवता? तिच्या जागी फुलाईचं दुकान काढा."

भाऊंनी बाईवरच दुकान काढलं, पण रंग धरून ठेवणारा सरस नावालाच घातला. पडदा बांबूवर दोनचारदा गुंडाळला तशी फुलं झडली आणि बाईचं कपाळ वर आलं. अध्यक्ष काय ते समजले. "पुन्हा दिसली तं पडदा जाळतो," म्हणाले. बोलले ते करणारा माणूस.

भाऊ माझ्यापाशी आले. "तिले एकदा जाळलं गा. आता पुन्हा नाई जाळू देत." आणि बसून त्यांनी घट्ट सरस शिजवला, रंगात कालवून फुलं पुन्हा पक्की काढली.

पुढच्या गावी पोरगी पडद्यापाशी गेली. नखाने फुलं खरवडू लागली. रंग निघेना. भाऊंनी तिचा हात धरला.

"राहू दे, पोरी. आता नाई निघाची ती."

पोरगीने दुसरा हात फुलांवर ठेवला. मग म्हणाली, "मेली का, बा?"

भाऊ हो म्हणाले.