मणी मागवणारे नाना

डॉ. माधवरावांची आणि माझी पहिली भेट धुळ्यात, त्यांच्या तपासणीच्या खोलीत झाली. अमळनेरहून मी यजमानांना घेऊन गेले होते. लिव्हरचा कॅन्सर निघाला होता. मी मान खाली घालून एवढंच म्हणाले, "घरी फोन केलात तर आजाराचं नाव घेऊ नका." आमच्याकडे लिव्हर म्हटलं की लोक दारूच समजतात. यजमान खरोखरच पीत होते. सोडली, पण उशिरा. नातेवाइकांना मी मूतखडा सांगितला होता.

सगळे पेशंट डॉक्टरांना नाना म्हणतात. नानांनी समजावलं, की रक्तवाहिनीतून लिव्हरमध्ये किरणांचे बारीक मणी सोडायचे. ते फुप्फुसात जाणार नाहीत ना, हे आधी चाचणी करून पाहायचं. मणी एकेका पेशंटसाठी बाहेरून येतात आणि त्यांची ताकद तासातासाला उतरते. ठेवून देता येत नाहीत. म्हणून मागवण्याआधी नाना स्वतः विचारतात, "घरात लग्न, कार्य काही आहे का? असेल तर आत्ताच सांगा." चाळीसगावच्या पेशंटला एस.टी. सापडेल अशीच वेळ देतात. त्यांच्याकडे मणी वाया जात नाहीत, ते यामुळे.

आमच्याकडे भाचीचं लग्न होतं. मामाशिवाय ते कसं व्हायचं? नानांनी लग्नानंतरचा दिवस धरला. हळदीच्या गडबडीत त्यांचा फोन नणंदेनं उचलला. "धुळ्याहून बोलतोय. वहिनींना सांगा, मणी सोमवारी येताहेत."

ते सोन्याचे मणी समजून, कुणाचे आहेत हे विचारायला नणंदेनं तिथूनच हाक मारली, "कोनाना मनी शेतस वं, वहिनी?"

यजमान खाटेवरून म्हणाले, "मना शेतस. तुले बी देऊ का?" सगळा मांडव हसला.

सोमवारी मणी आले, आम्हीही वेळेवर पोचलो. पुढे यजमानांनी भाचीचं बाळ मांडीवर घेतलं. मग ते गेले.

नाना घरी भेटायला आले. नणंदेनं विचारलं, "तुम्ही धुळ्याचे सराफ ना?"

"मणी मागवतो, हे खरं," नाना म्हणाले. चहा घेतला आणि निघाले. मी तिथेच बसले होते. ज्यांनी आमची अब्रू राखली, त्यांची ओळख मी माझ्याच घरात करून दिली नाही. यजमानांची मला लाज वाटत नाही, माझी वाटते.

नानांना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. ते सराफ नाहीत. ते लिव्हरच्या कॅन्सरचे डॉक्टर आहेत, आणि माझ्या नवऱ्याला तोच आजार होता. हा लेख मी नणंदेला स्वतः वाचून दाखवणार आहे. नाना, तब्येत सांभाळा. कुणाच्याही घरी फोनवर आजाराचं नाव मोकळेपणानं घेता येईल, तो दिवस पाहण्याइतकं निरोगी आयुष्य तुम्हाला मिळो.