रिंगवरचं कुंकू

"हात लावलास ना तू?"

सरांनी माझी काच खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. काचेवर चढवलेली फिल्म अशी निघत नाही. ती काचेला धरून बसते, नखानं खरवडली तरी सुटत नाही. ही पुसली गेली, पाटीवरच्या खडूसारखी.

समोर बाहेरगावाहून आलेले दोन परीक्षक. सरांच्या मार्गदर्शनाखाली चाललेलं माझं पीएचडीचं काम समाधानकारक आहे की नाही, हे ते त्या दिवशी ठरवणार होते. नाही म्हणाले की मी घरी.

"ग्लोव्ह्ज घालत नाहीत का?" एकानं विचारलं. मला नाही, सरांना.

"घालतात हो," सर हसले. "पण यांच्या हातांना अशा नाजूक कामाची सवय नसते. हात लागला की बाटलंच सगळं."

यांच्या. मी तिथं एकटीच उभी होते.

परीक्षकही हसले. मी भित्री आहे, लहानपणापासून. सोलापुरात आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की पुढं आडनाव कुणी विचारत नाही. समोरचा क्षणभर गप्प होतो. तेवढ्यात मला घाम फुटतो, अजूनही.

वस्तीतून एक उघडी गटार वाहते. वरच्या अंगाला टॉवेलचं सूत रंगवायचा कारखाना आहे. माझे वडील, अण्णा, तिथंच रंगाच्या टाकीवर काम करतात. त्यांची नखं कायमची निळी. गटार कधी लाल, कधी निळी. म्हणून तर मी हा विषय घेतला. भट्टीत क्वार्ट्झची नळी असते. तिच्यात टायटॅनियमच्या संयुगाची वाफ सोडायची. तापलेल्या काचेवर ती बसते, पातळ थर धरते. ती काच रंगीत पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की पाण्यातला रंग हळूहळू तुटतो. पहिल्यांदा पाणी नितळ झालं तेव्हा मी ती बाटली घरी नेऊन अण्णांना दाखवली. ते नुसते बघत राहिले.

पण नळीत बाहेरची हवा शिरून चालत नाही. दमट हवा शिरली की वाफेची आतल्या आत पांढरी पूड होते. त्यासाठी नळीच्या तोंडाला रबराची रिंग असते. तिच्यावर केस जरी अडकला तरी हवा शिरते. आणि ग्लोव्ह्ज? ते सगळ्यांनाच घालावे लागतात. हात कुणाचाही असो, तेलकटच. काचेला आडनाव कळत नाही.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा होते. त्या सकाळी मी काचा नळीत ठेवल्या. नळीचं तोंड अजून उघडंच होतं. तेवढ्यात सर पूजेचं ताट घेऊन आले.

"तू जरा दारात थांब," म्हणाले. "आज मशीनला हात नको लावूस."

थांबले. बाकी सगळे चपला काढून आत. सरांनी भट्टीला हळद-कुंकू वाहिलं. मग चिमटीनं नळीच्या तोंडालाही. कुंकू रिंगवर पडलेलं मला दारातून दिसलं. ओरडावंसं वाटलं. आवाजच फुटला नाही. माझ्या पुढच्या वर्षात शिकणाऱ्या निखिलनं नळी बंद केली. प्रसादाचा पेढा सरांनी माझ्या हातावर वरूनच टाकला.

दसऱ्यानंतर भट्टी लावली, तर नळीतली हवा ओढणाऱ्या पंपाचा काटा खाली येईना. हवा शिरत होती. मी निखिलला म्हणाले, "एकदा उघडून रिंग बघू."

"पूजा करून बंद केलीय," तो म्हणाला. "तू नको उघडू. चालतंय की." भट्टी निवल्यावर काचाही त्यानंच बाहेर काढल्या आणि नळी पुन्हा तशीच बंद केली.

घरी अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"लई बोलू नगंस, पोरी. सही त्येंच्या हातात हाय. आमी जल्मभर गप बसलो, निभलंच की."

निभलं. निळ्या नखांनी निभलं.

आणि आता परीक्षकांसमोर सर सांगत होते की, या मुलीचं काम मलाही समाधानकारक वाटत नाही. निखिल खाली फरशीकडं बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाटलं. आणि तोंडून निघून गेलं.

"सर, हात माझा नाही."

"काय?"

"पूजेच्या दिवशी तुम्ही मला दारात उभं केलं होतं. रिंगला मी हातच लावलेला नाही. तुमचा लागलाय."

मी भट्टीकडं गेले. नळी उघडली, रिंग काढली. रबरात कुंकू रुतलं होतं, हळदही. ती रिंग मी टेबलावर ठेवली, त्या पुसलेल्या काचेशेजारी.

एका परीक्षकानं घड्याळ पाहिलं. सर म्हणाले, "केबिनमध्ये ये."

केबिनमध्ये त्यांनी आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

"पूजेवरून पाहुण्यांसमोर माझा अपमान केलास. सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर माझी सही विसर."

मला रडू येत होतं. रडू येतंय याचा संताप येत होता. टेबलाची कड धरून मी उभी होते.

"माफी मागणार नाही," मी म्हणाले. "आणि यापुढं दारातही थांबणार नाही."

परीक्षकांनी निर्णय पुढं ढकलला. सरांची सही अजून झालेली नाही. होईल असं मला वाटतही नाही. रोज सकाळी लॅबचा जिना दिसला की मागं फिरावंसं वाटतं. तरी चढते. रिंग पुसते, बसवते, नळी माझ्या हातानं बंद करते. काटा खाली उतरेपर्यंत त्याच्याकडं बघत राहते.

पुढची खंडेनवमी येईल. ताट येईल. मी भट्टीला खेटून उभी असेन. घाबरलेली असेन, पण हलणार नाही. मला दारात नेऊन उभं करायचं असेल, तर दंडाला धरून ओढावं लागेल. त्यासाठी त्यांना मला हात लावावा लागेल.