सरळताईंची वाकडी बोटं

माझी मावशी हॉस्पिटलमध्ये हातांच्या पट्ट्या बनवते. कुणाचं बोट दारात चेमटलं, कुणाचं मनगट मोडलं, कुणाच्या पंज्याचं ऑपरेशन झालं, की डॉक्टर त्याला तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत धाडतात. खोलीत एक पसरट विजेचं भांडं आहे, त्यात गरम पाणी. भिंतीला टेकवून प्लास्टिकचे पांढरे पत्रे उभे केलेले. त्यातला तुकडा कापून पाण्यात टाकला की ओल्या चामड्यासारखा लुळा पडतो. मग तो टॉवेलवर टिपायचा, पेशंटच्या हातावर घालायचा आणि गार होईपर्यंत हव्या त्या आकारात धरून ठेवायचा. हे सगळं झटपट उरकावं लागतं, कारण एकदा गार झाला की दगड. काठ गुळगुळीत करायचे, वेलक्रो लावायचं, झाली पट्टी. ती त्या एकाच हाताची, दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही.

पेशंट तिला सरळताई म्हणतात. बोटाचं टोक लोंबकळत आलेल्या माणसाला ती दम भरते: धुताना सरळ, पुसताना सरळ, एकदा जरी वाकवलंत तर पुन्हा पहिल्यापासून. त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

मग तिचीच बोटं वाकायला लागली. आधी सकाळी मूठ वळेना. मग बरणीचं झाकण उघडेना. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच तिला कळून चुकलं होतं की हा संधिवात आहे. डॉक्टर हळुवार शब्द शोधत होते, तेव्हा तिने त्यांना मध्येच तोडून गोळ्यांची नावं विचारली.

माझी आई म्हणजे तिची थोरली बहीण. आईने सांगून टाकलं की आता पुरे, नोकरी सोड, हातांना आराम दे.

"आराम देऊन हात कुणासाठी जपून ठेवू, ताई?" मावशीने विचारलं.

आईला हे लागलं. त्यानंतर बरेच दिवस दोघी फोनवर फक्त कामापुरतं बोलत होत्या.

मावशीने स्वतःच्या डाव्या अंगठ्याची पट्टी स्वतःच बनवली. उजव्याचं घोडं अडलं, कारण डाव्या हाताला पकड उरली नव्हती. एका रविवारी तिने स्वयंपाकघरात पसरट पातेलं गॅसवर चढवलं आणि काकांना हाक मारली. काका गाड्या दुरुस्त करतात. जेवायला काय आहे, असं विचारत ते आत आले, तर मावशी म्हणाली, प्लास्टिक. पहिला तुकडा त्यांनी नट पिळावा तसा ताणला आणि फाडला. दुसरा स्वतःलाच चिकटून त्याचा गोळा झाला. "ओढू नका हो," ती कळवळून म्हणाली, "नुसता ठेवा. तो आपला आपण बसतो." तिसरा बसला. काकांच्या अंगठ्याचा ठसा त्यावर राहिला. गरम हवा मारून तो घालवता आला असता, पण तिने घालवला नाही.

दोन्ही हातांत पट्ट्या घालून ती कामावर जाऊ लागली. आठवड्याभरात विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला आधी बसवलं, चहा मागवला आणि मग सांगितलं की कंपनीच्या तयार पट्ट्या आल्या आहेत, लहान, मध्यम आणि मोठ्या. आता हाताने बनवायची गरज फारशी पडणार नाही. तिने अपॉइंटमेंटच्या काउंटरवर बसावं, तिथे हातांना त्रास नाही. शिवाय, ते जरा चाचरत म्हणाले, तिची बोटं बघून पेशंट घाबरतील.

मावशीने चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून खाली ठेवला.

"पेशंट घाबरला तर ते मी आणि पेशंट बघून घेऊ," ती म्हणाली. "तुम्हाला काढायचं असेल तर काढा, डॉक्टर. मी आपणहून उठणार नाही."

खोलीत परत येऊन तिने पाणी तापत ठेवलं.

थोड्याच दिवसांत काचवाली आली. खिडक्यांच्या काचा कापून बसवायचा तिचा धंदा. काच घसरून तळहातावरून गेली आणि बोटं ओढणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या होत्या. आता मनगट आणि बोटं जरा वाकवूनच ठेवायला हवी होती. चुकून सरळ झाली तर टाके तुटणार. सरळताईवर सरळ करू नका म्हणायची पाळी आली, म्हणून मावशी स्वतःशीच हसली.

मोठे डॉक्टर तयार पट्ट्या घेऊन स्वतः आले होते. पण काचवालीचा पंजा रुंद, त्यात एक बोट पूर्वीच्या अपघातात अर्धं गेलेलं. मध्यम पट्टी चढेना. मोठीत कापूस कोंबला तरी हात आत खुळखुळत होता.

"मी बनवते," मावशी म्हणाली.

काचवालीने तिच्या हातांकडे पाहिलं. "दुसरं कुणी नाही का?"

"आहे. पण मी चांगली बनवते. हात द्या. विश्वास नंतर ठेवलात तरी चालेल."

पहिली पट्टी फसली. कोपराखालून बोटांच्या टोकांपर्यंतचा तो लांब तुकडा मनगटापाशी पोचेपर्यंत गार झाला. मावशीने ते सरळ कबूल केलं आणि तुकडा पुन्हा पाण्यात सोडला. हे प्लास्टिक तेवढं भलं, तापवलं की परत सपाट होतं. मग तिने शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला हाक मारून फक्त कोपराकडची बाजू धरायला सांगितली. पंज्याकडचा भाग तिने बोटांच्या टोकांनी न दाबता तळव्याच्या गादीने बसवला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

काचवालीने हात इकडेतिकडे फिरवून पाहिला. कुठे टोचत नव्हतं.

"तुम्हाला दुखलं ना?" तिने विचारलं.

"दुखलं. तुम्हालाही दुखतंयच की."

डॉक्टर म्हणाले की एका पट्टीला दोघी लागल्या, म्हणजे आपलं म्हणणं खरंच ठरलं. मावशी म्हणाली, चार हात लागले तर लागले, पट्टी बसली की नाही? आणि आता विषय निघालाच आहे तर आपल्याला दुपारची पाळी हवी, सकाळी आपली बोटं आपलं ऐकत नाहीत. डॉक्टर तयार पट्ट्या उचलून निघून गेले.

पुढचं काम काचवालीने केलं. पट्टी दर आठवड्याला थोडी थोडी बदलावी लागायची, आणि तिला वेळ मिळायची सकाळची. ती सकाळी यायची, दुसऱ्या कुणालाही हात लावू द्यायची नाही आणि मावशीची बोटं सुटेपर्यंत बाहेर बाकावर ठाण मांडून बसायची. शेजारी बसलेल्यांनाही ती सांगायची की घाई काय आहे, थांबा जरा. होता होता तो बाक भरला, मग लोक भिंतीला पाठ लावून खाली बसू लागले. मोठ्या डॉक्टरांना पसरलेल्या पायांमधून वाट काढत जावं लागायचं. एक दिवस ते वैतागून म्हणाले की घ्या तुमची दुपार, पण ही गर्दी आवरा.

तयार पट्ट्या कपाटात राहिल्या. साध्या मुरगळलेल्या मनगटाला मावशी त्यातलीच एखादी देते, त्यात तिला कमीपणा वाटत नाही. काचवालीची बोटं सुधारली, एक मात्र थोडं वाकडंच राहिलं. ती पुन्हा काचा कापते आणि ते बोट कसं वळतं ते ओळखपाळख नसलेल्यांनाही दाखवते.

मावशीचा आजार मात्र कुणाला जुमानत नाही. गेल्या वर्षी लांब पट्ट्या तिला सोडाव्या लागल्या, त्या आता तिची मैत्रीण करते. सोडल्या त्या संध्याकाळी मावशी घरी येऊन भांडीकुंडी आपटत होती. काका बिचारे गुपचूप दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मग ती रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी कामावर गेली.

बोटांच्या छोट्या पट्ट्या अजून तीच बनवते. परवा आईने पुन्हा विचारलं की आता ह्याही जातील, मग काय करशील?

"जातील तेव्हा जातील," मावशी म्हणाली. "आज पाचजण बाहेर बसलेत, ताई. फोन ठेव."