कार्डात न मावणारा राक्षस

राक्षसांची इतकी काळजी घेणारा माणूस आमच्या साडूंखेरीज जगात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. सानपाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी कॉलेजचे तीन मित्र जमायचे आणि फाशांचा एक खेळ रंगायचा. मित्र व्हायचे शूर वीर. साडू गोष्ट सांगायचे आणि मधूनमधून त्यांच्या अंगावर राक्षस सोडायचे. राक्षसाची ताकद किती, चिलखत केवढं, घाव किती सोसेल, हा तपशील त्यासाठी समोर लागतो. बाकीची दुनिया तो कागदावर खरडून मोकळी होते. पण साडू पावणे गावच्या एका रंगाच्या कारखान्यात डब्यांवरची लेबलं तपासतात, त्यांना खरडलेलं बघवत नाही. म्हणून त्यांनी घरीच खटपट करून एक प्रोग्रॅम बनवला. त्याला ते लाडाने 'मशीन' म्हणत. कसलाही गबाळा मजकूर त्यात टाकावा, बटण दाबावं, की देखणं कार्ड तयार: वर नाव, खाली तांबडी रेघ, आकडे कसे शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत.

या मशीनने घरात कुणालाच सोडलं नाही. एकदा घाईत सासूबाईंचा रक्ताचा रिपोर्टच त्यात गेला आणि त्यांची साखर 'हल्ला' या सदरात छापून आली. मी म्हटलं, आता सानपाड्यात रामायण होणार. पण सासूबाईंनी चष्मा लावून कार्ड नीट वाचलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरच्या कागदापेक्षा बरंय. वाचता तरी येतंय." मेहुणी मात्र धुमसत असायची. "माझ्या वाढदिवसाला साधं ग्रीटिंग नाही, आणि त्या सातमुंड्याला नक्षीची बॉर्डर!" साडूंचं उत्तर तयार असे, "अगं, तो आजच मरणार आहे. तेवढं तरी नको का?"

पुढे तिघांपैकी एक जण कायमचा परदेशी निघाला. तो जाण्याआधी शेवटचा राक्षस मारून गोष्ट पुरी करायची, असं चौघांचं ठरलं. आणि नेमकं तेव्हाच मशीन अडलं. मित्र आले की साडू तोंड पाडून सांगत, "कार्ड दुसऱ्या पानावर सांडतंय रे. टेन्शन नको, पुढच्या रविवारी नक्की." तिघांतला बोनकोडे गावचा मित्र वैतागायचा. "आरं, पन कवा येनार हाय तुजा राक्षस? तोंडी सांग ना, आमी मारतो!" साडू म्हणत, "शेवटचा राक्षस आहे, त्याची काही इज्जत आहे की नाही?" मग पोहे खाऊन मंडळी उठायची. असं करता करता परदेशी जाणारा गेलासुद्धा. दुसऱ्याने आधी फोन करून मग यायचं ठरवलं, आणि फोन काही केला नाही. बोनकोड्याच्या मित्राला रविवारी गावातली लग्नं निघू लागली.

परवा मी सहज गेलो, तर साडू एकटेच कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर तोच राक्षस. शेपटीपासून शिंगांपर्यंत सगळा एका पानात, वर जागा शिल्लक.

"अहो, हा तर मावलाय की! कधी जमलं?"

"जमलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच रविवारी."

हसावं की खडसवावं, कळेना.

"तो मेला की गोष्ट संपली," साडू पडद्याकडे बघत म्हणाले. "मग हे तिघं माझ्याकडे कशाला येतील, सांगा ना?"

काय सांगणार, कप्पाळ! ज्यांना धरून ठेवण्यासाठी राक्षस अडवला, तेच वाट बघून कंटाळले आणि पांगले. त्या भल्या माणसाचा मला राग आला आणि कीवही आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी फासे पुढे ओढले. "चला, मला शिकवा. आज आपण दोघं मारू त्याला."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, हो म्हणतील. मग त्यांनी हलकेच फासे माझ्या हातातून काढून घेतले.

"नको हो," ते म्हणाले, "तो त्यांचा आहे."