साडेआठला घरी कोण असतं?

त्या सकाळी माझा नवरा रात्रपाळी करून इचलकरंजीहून आला. तिथल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये तो दुरुस्तीचं काम करायचा. रात्रभर मागांचा खडखडाट ऐकून आलेला माणूस घरात शिरला की बराच वेळ मोठ्यानं बोलत राहतो, कारण त्याच्या कानात अजून माग चालू असतात. मी डबे भरत होते. गॅसचा लायटर बिघडलेला, म्हणून चहा ठेवायला त्यानं काड्यापेटी घेतली. काडी ओढली आणि मागून आमची मुलगी किंचाळली.

सात वर्षांची पोर. अंथरुणातनं उठून तशीच पळत आली आणि माझ्या आणि त्याच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"पप्पा, मम्मीला पेटवू नका!"

त्याला नीट ऐकू आलं नाही. तो हसला. "काय म्हणतीया गं ही?"

मला ऐकू आलं होतं. मी हातातला डबा खाली ठेवला. तीच परत ओरडली, "मम्मीला पेटवू नका. मी परत हट्ट करणार न्हाय. खरंच न्हाय करणार."

हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्यानं ती टाकली. मग तो ओट्याला टेकून खालीच बसला. या माणसानं लग्न झाल्यापासून माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. भांडण झालं तर तो जिन्यात जाऊन उभा राहतो. त्या दिवशी चहा न घेताच तो भिंतीकडं तोंड करून झोपला. मी कामाला निघताना म्हणाला, "माझ्याकडनं काय झालंय का गं? झोपेत वगैरे काय बोललो का मी?"

दुकानात साड्यांच्या घड्या घालताना प्रत्येक घडी मी परत उलगडत होते. ती भीती नव्हती, संताप होता. कुणावर, ते मात्र अजून कळलेलं नव्हतं.

ते कळलं रात्री, सासूबाईंकडून. त्यांना मी आत्ती म्हणते. त्या गडहिंग्लजकडच्या, तिकडं तसंच म्हणतात. साडेआठची मालिका त्या रोज बघायच्या आणि मुलगी त्यांच्या मांडीला टेकून अभ्यास करायची. मालिकेतल्या नवऱ्यानं बायकोला गोदामात कोंडलं होतं. तिच्या अंगावर रॉकेल ओतलं होतं. आता तो काडी ओढायचा आणि तिथंच भाग संपायचा. दुसऱ्या दिवशी परत तीच काडी, तिचे डोळे, त्याचे डोळे, मधेच ढोल, मधेच बासरी, आणि परत काडी. आठवडाभर ती बाई ना पेटत होती ना सुटत होती. आणि आमची पोर रोज ती अर्धी काडी घेऊन झोपायला जात होती. त्या नवऱ्यानं म्हणे एकदा बायकोला सांगितलं होतं, की तुझ्या पोरीनं हट्ट केला म्हणून ही वेळ आली. म्हणजे तेही हिनं स्वतःवर घेतलं होतं.

मी आत्तींवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा इतकी ओरडले.

"तुम्हाला कळत न्हाय का, लहान पोर शेजारी बसलीया?"

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "मग कुठं बसवू तिला? जिन्यात? दोन खोल्या हायती. एकीत टीव्ही, एकीत गॅस. गॅसजवळ एकटीला बसवू? आणि मी काय बघू? भिंत?"

त्याही खोटं बोलत नव्हत्या. आमचं फुलेवाडीतलं घर दोन खोल्यांचं. गुडघे गेल्यापासून आत्ती जिना उतरत नाहीत. दिवसभर तांदूळ निवडायचे, पोरीला शाळेसाठी आवरायचं, परत आली की खायला घालायचं, आणि मग संध्याकाळी तेवढंच एक. मी दुकानातून सुटून घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. नवरा दिवसपाळीला असला तर तोही त्याच सुमारास येतो, आणि रात्रपाळी असली तर अंधार पडायच्या आत घर सोडतो. साडेआठला आमच्या घरात आईही नसते आणि बापही नसतो. असतात एक म्हातारी, एक पोर आणि तो टीव्ही.

आता मी काय केलं ते सांगते, कारण पुढं मला प्रत्येकानं हेच विचारलं की तुम्ही काय केलंत.

शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून मी त्या चॅनेलला कुलूप लावून घेतलं. आकडे टाकल्याशिवाय उघडत नाही असं. आत्ती आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मुलगी जरा निवळली. मग रविवारी नवरा तिला घेऊन क्रिकेटची मॅच बघत बसला होता. दुसरंच चॅनेल, दुपारची वेळ. एक षटक संपलं आणि जाहिरातींमध्ये तीच बाई किंकाळी फोडत आली. तीच काडी. 'आज रात्री, साडेआठ वाजता.' पोर कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात पळाली आणि ओट्याखाली जाऊन बसली. नवऱ्यानं रिमोट फेकला. त्याचं झाकण अजून चिकटपट्टीनं लावलेलं आहे.

मालिकेला कुलूप लावता येतं. क्रिकेटच्या मधे येणाऱ्या मालिकेला कुठलं कुलूप लावायचं, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मग मी फोन केला. तक्रार असेल तर कळवा, अशी पट्टी पडद्याखालून सरकत जाते. ती वाचून होईपर्यंत गेलेली असते, म्हणून मी मोबाईलवर फोटो काढून नंबर उतरवून घेतला. दुकानात जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात उभी राहून लावला. बराच वेळ सनई वाजली. मग फोनवर एक मुलगी आली, फार गोड बोलणारी.

"मॅडम, हा कार्यक्रम प्रौढ प्रेक्षकांसाठी आहे. सुरुवातीला तशी सूचना दिलेली असते."

"प्रौढांसाठी हाय, तर साडेआठला का लावताय? दहाला लावा की."

"साडेआठ हा प्राइम टाइम आहे मॅडम. त्या वेळेला सगळं कुटुंब टीव्हीसमोर असतं."

"मी तेच सांगतीया. सगळं कुटुंब असतंय."

तिला कळलं असावं. पण समोर जे लिहून ठेवलेलं असेल तेच तिला वाचावं लागत होतं. "मुलांनी काय पाहावं हे ठरवणं ही पालकांची जबाबदारी आहे, मॅडम. आपली तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे."

असलंच वाक्य त्या महिन्यात मी शाळेतही ऐकलं. पालकसभा होती. मुलं मधल्या सुट्टीत मालिकांमधली भांडणं खेळतात, एकमेकांना कोंडतात, म्हणून बोलावलं होतं. मी अर्ध्या दिवसाचा पगार सोडून गेले. वर्ग आयांनी भरलेला. बाप मोजून तीन, तेही दाराशी उभे, मोबाईल बघत. मुख्याध्यापक म्हणाले, "पालकांनी मुलांना वेळ द्यायला हवा." म्हणताना त्यांची नजर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरली, आणि दाराशी उभ्या असलेल्या तिघांवर एकदाही गेली नाही. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. हे पालक पालक म्हणतात ती मीच. बोलताना सभ्य शब्द वापरायचा आणि बोट आईकडं करायचं.

एक सांगते. जळणारी बाई दाखवूच नका, असं माझं म्हणणं नाही. माझं माहेर राधानगरीच्या बाजूला. लहानपणी आमच्या आळीत एक बाई खरंच जळून गेली. तेव्हा आमच्या आईनं, शेजारणींनी, अख्ख्या आळीनं आम्हा पोरांना घरात ओढून दारं लावली. कुणाचं पोर कुणाच्या घरात आहे हे कुणी बघितलं नाही. जे हात रिकामे होते त्यांनी पोरांचे डोळे झाकले. पुढं मोठी झाल्यावर आईनं मला सगळं सांगितलं, कोण वाईट होतं, कोण गप्प बसलं, सगळं. म्हणजे लपवलं काहीच नाही. पण वेळ बघून सांगितलं, आणि बासरी लावून नाही सांगितलं. ते डोळे झाकायचं काम तेव्हा आळीचं होतं. आता ते एकट्या आईवर टाकलंय, आणि तीही त्या वेळेला दुसऱ्याच्या दुकानात साड्या दाखवत उभी असते.

आणि साड्या तरी कुठल्या? त्याच मालिकेतल्या. आमच्या मालकांनी नवरात्राआधी त्या नायिकेच्या साड्यांचा वेगळा कप्पाच केला होता. बायका येऊन म्हणायच्या, "ताई, ती गोदामात कोंडली तेव्हा नेसलेली हिरवी दाखवा." मी दाखवायचे. पोटासाठी दाखवायचे.

मग एक दिवस मालकांनी सांगितलं, की वरच्या मजल्याचं उद्घाटन करायला ती नायिका स्वतः येणार आहे. बरोबर चॅनेलचे एक साहेब पण येणार आहेत. आम्हा सगळ्या बायकांना सारख्या साड्या दिल्या. दुकानापुढं महाद्वार रोडला ही गर्दी जमली. नायिका आली, फीत कापली, फोटो झाले. दिसायला साधी, दमलेली मुलगी. नंतर ती आणि साहेब आतल्या खोलीत बसले आणि मालकांनी मला चहा घेऊन पाठवलं.

चहा ठेवून परत फिरायचं होतं. मी फिरले नाही.

"साहेब, एक विचारू का? माझी सात वर्षांची पोर तुमची मालिका बघून घाबरलीया. आपला बाप आपल्या आईला पेटवणार असं तिला वाटतंय."

साहेबांनी कप उचलला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "ताई, एवढ्या लहान मुलांना दाखवूच नये. आम्ही सूचना देतो ना. शेवटी रिमोट तुमच्या हातात असतो."

"माझ्या हातात तुमची साडी असती साहेब, साडेआठला."

नायिका हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "मीपण माझ्या मुलाला बघू देत नाही. आमच्याकडे त्याला सांभाळायला मावशी आहेत, त्या त्याला दुसऱ्या खोलीत नेतात."

तिनं ते मला धीर द्यायला सांगितलं असेल. माझं मात्र डोकं सणकलं.

"म्हणजे तुमच्या पोराला दाखवत न्हाय असलं तुम्ही करताय," मी म्हटलं, "आणि आमच्या पोरांसाठी घरोघरी पाठवताय. ज्यांच्याकडं मावशी न्हाय, दुसरी खोली न्हाय, त्यांनी काय करायचं? त्या मावशीची स्वतःची पोरं या वेळेला कुणाजवळ बसून काय बघतात, हे कधी विचारलंय का तिला?"

माझा आवाज चढला होता. बाहेर माणसं वळून बघायला लागली. मालक आत आले, माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि म्हणाले, "अहो, घरचं घरात ठेवा की. पावणं आलेत." साहेब म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, ताई भावनिक झाल्यात." एवढी माणसं त्या खोलीत होती, आणि माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून माझ्या हातात काय पडलं, तर मी भावनिक झाले एवढंच.

नोकरी गेली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मला गिऱ्हाइकांसमोरून काढून मागं, पार्सलं बांधायला बसवलं. दिवाळी होईपर्यंत मी तिथंच होते. तक्रारीचं उत्तरही आलं. आपल्या भावनांचा आदर आहे, कार्यक्रम नियमांच्या चौकटीत आहे, पालकांनी कुलपाच्या सोयीचा वापर करावा.

चॅनेलकडून काही हललं नाही. जे काही बदललं ते आमच्या घरातच बदललं. नवऱ्यानं इचलकरंजीचं काम सोडलं. सोळा वर्षं ज्या मागांचे आवाज ऐकून तो बिघाड ओळखायचा, ते सोडून उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथं कामात नवा, म्हणून पोरगेलेसे लोक त्याला शिकवतात. तो काही बोलत नाही. संध्याकाळी सहाला सुटतो, घरी येतो, आणि साडेआठ वाजत आले की मुलीला घेऊन खाली फिरायला जातो. आत्ती तेवढ्या वेळात कुलपाचे आकडे टाकून आपली मालिका बघून घेतात. मुलगी परत त्याच्या पाठीवर चढायला लागली आहे. पहिल्यांदा चढली तेव्हा तो बराच वेळ तसाच ओणवा थांबला होता, असं आत्ती सांगत होत्या.

परवा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "नशीबवान हायसा बाई. पोरीसाठी नोकरी बदलली की त्यांनी! असा बाप बघायला मिळत न्हाय."

"व्हय," मी म्हटलं. "चांगला हाय तो."

आणि खरंच आहे तो चांगला. पण मी वर चढत होते आणि अंग तापत होतं. चुकलं तेव्हा सगळ्यांनी मला विचारलं होतं, तुम्ही काय केलंत. निस्तरलं तेव्हा सगळ्यांना तो दिसला. आणि ज्यांनी ती काडी रोज ओढली, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. साडेआठला आता तिथं नवी मालिका लागली आहे. त्यात एका बाईला विष देतायत.